बंद फाटक आणि उघडं तळं

गावात कुणाला सरकारबद्दल काही विचारायचं असलं, की तो केस वाढू द्यायचा. केस पुरेसे वाढले की क्लॉडेट टेरिओच्या घराच्या पुढच्या खोलीत जायचं, तिथल्या एकुलत्या एका खुर्चीत बसायचं, आणि तिने गळ्याभोवती कापड बांधलं की विचारायचं, "काय गं, त्या पुलाचं काय झालं?" मग कात्रीच्या तालावर उत्तर मिळायचं. उत्तर जितकं लांब, तितके केस आखूड. रस्तेदुरुस्तीच्या निधीची भानगड समजावून घ्यायला गेलेला एक लाकूडतोड्या सैन्यात भरती व्हायला निघाल्यासारखा होऊन बाहेर आला होता. त्याच्या बायकोने क्लॉडेटला फोन करून सांगितलं, "पुढच्या वेळी त्याला थोडक्यात सांग."

आमदारकी आमच्याकडे पूर्णवेळची गोष्ट नाही. बर्फ पडायला लागलं की राजधानीला जायचं, बर्फ वितळलं की परत यायचं, आणि उरलेलं वर्ष आपापला धंदा करायचा. कुणी बटाटे पिकवतो, कुणी शाळेची बस चालवतो, क्लॉडेट केस कापते. आधीचे आमदार एका वर्षी थंडी चुकवायला फ्लोरिडाला गेले ते तिथेच राहिले. तेव्हा गावाने हिला उभं केलं. हिच्याविरुद्ध होता डर्वर्ड हॅच, विम्याचा निवृत्त एजंट. गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा आणि तळ्यातली सगळ्यात मोठी बोटही त्याचीच. तो इतक्या थोड्या मतांनी पडला की ती सगळी माणसं शाळेच्या एका बसमध्ये मावली असती. तेव्हापासून त्याने क्लॉडेटला नावाने हाक मारणं सोडलं. 'आमदारबाई' म्हणायचा, आणि ते म्हणताना डोक्यावरची टोपी जरा जास्तच उचलायचा.

आमदारकी अर्धवेळची असली, तरी काळजी करण्याचं काम क्लॉडेट पूर्णवेळ करायची. ओले केस घेऊन कुणी वाऱ्यात निघालं की तिचा जीव खालीवर. सहलीला अंड्याचं सॅलड उन्हात राहिलं की ती ते गुपचूप उचलून कचऱ्यात टाकायची, आणि कुणी विचारलं तर "संपलं" म्हणून सांगायची. तिची मुलगी डेल्फीन जनावरांच्या डॉक्टरकडे काम करायची, बैलाला इंजेक्शन द्यायची, तरी रोज सकाळी तिला आईचा निरोप यायचा: टोपी घातलीस का?

त्या वर्षी जुलै लागला आणि सरकार बंद पडलं. हॉटेलच्या खोल्यांवर कर किती लावायचा यावरून राजधानीत दोन्ही पक्ष हटून बसले, अंदाजपत्रक मंजूर झालं नाही, आणि मंजुरीशिवाय सरकारला दिव्याचं बटणही दाबता येईना. पोलीस, दवाखाने, आग विझवणारे तेवढे चालू. बाकी सगळ्यांनी घरी बसायचं.

घरी बसलेल्यांत थॅड लिबी होता. तळ्याकाठच्या सरकारी उद्यानाचा तो रखवालदार. वरून हुकूम आला तसं त्याने स्वतःच्या हाताने उद्यानाच्या फाटकाला साखळी घातली, 'बंद' अशी पाटी लावली, किल्ली खिशात टाकली आणि गाडीत बसून थोडा वेळ नुसता पाटीकडे बघत राहिला. कारण पुढच्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, त्याच फाटकाच्या आत, तळ्याच्या वाळूवर त्याचं लग्न होतं. डेल्फीनशी. दोघांची ओळखही तिथलीच. तिने आपली कुत्री मोकळी सोडली म्हणून तो तिला रागवायला गेला, आणि रागवत असतानाच कुत्रीने त्याचं सँडविच खाल्लं.

"होईल गं काहीतरी," क्लॉडेट लेकीला म्हणाली. "दोन दिवसांत तोडगा निघेल."

शनिवार आला. शनिवार सकाळ म्हणजे कचराडेपो. आमच्याकडे दारात गाडी येत नाही, ज्याचा कचरा त्याने न्यायचा. त्यामुळे ज्याला माणसं भेटायची असतात तो डेपोवर जातो. बाटल्या एका पिंपात, पुठ्ठे दुसऱ्यात, आणि पलीकडे एक छपरी. तिथे आपल्याला नको असलेली पण अजून चालणारी वस्तू ठेवायची आणि दुसऱ्याने ठेवलेली घेऊन जायची. निवडणूक आली की उमेदवार तिथेच उभे राहतात. क्लॉडेट निवडणूक नसतानाही उभी राहायची. त्या शनिवारी तिने घडीचं टेबल मांडलं, त्यावर वूपी पायचं ताट ठेवलं, म्हणजे दोन काळ्या केकांमध्ये पांढरं क्रीम असतं ते, आणि ताटावर जाळी झाकून सांगायला सुरुवात केली. लोक हातात पिशव्या घेऊन जमले.

"गाडीचं लायसन्स मिळणार नाही. बांधकाम तपासायला कुणी येणार नाही. मासेमारीचे वॉर्डन मात्र पोलिसांत मोडतात, ते फिरताहेत, तेव्हा सरकार बंद आहे म्हणून वाटेल तो मासा पकडता येईल असं समजू नका."

"सरकार बंद पडलं तरी तुमचं तोंड चालूच, आमदारबाई," डर्वर्ड हॅच मागून ओरडला. त्याच्या काखेत एक तुटका पंखा होता.

"तोंड बंद करायलाही विधेयक लागतं, डर्वर्ड. तेसुद्धा अडकलंय."

लोक हसले. डर्वर्डही हसला, पण पंखा खाली ठेवून पुढे आला. "बरं, मग एक सांगा. उद्यान सगळ्यांना बंद. माझ्या नातवंडांना वाळूत खेळायला बंद. पण पुढच्या शनिवारी आमदारबाईंच्या लेकीला उघडं, असं तर नाही ना? जावयाच्या खिशात किल्ली आहे म्हणून विचारतो हो."

पुठ्ठ्यांच्या पिंपापाशी थॅड उभा होता. त्याने चेहऱ्यासमोर मोठा पुठ्ठा धरला.

क्लॉडेटचे कान तापले. ती घडीच्या खुर्चीवर चढली. खुर्ची डगमगली, तशी पुढच्या दोन बायकांनी तिचे पाय धरले.

"ऐका! सरकार उघडेपर्यंत त्या फाटकातून कुणी आत जाणार नाही. माझी मुलगी नाही, माझा जावई नाही, मी तर मुळीच नाही. कुणाचा पाय त्या वाळूला लागणार नाही! आणि दुसरं. सरकार उघडेपर्यंत दर शनिवारी सकाळी मी इथे उभी असेन. पाऊस असो, ताप असो. काय चाललंय ते सांगेन, आणि तुम्हाला मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही इथेच ऐकेन!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी पिंपावर बाटली वाजवली. पुढच्या रांगेत यूनिस क्रॉकेट उभी होती. ती गावच्या कचेरीत काम करायची, आणि आमच्याकडे लग्न लावायचा अधिकार असतो तोही तिच्याकडे होता, म्हणजे डेल्फीनचं लग्न तीच लावणार होती. ती 'नको नको' म्हणून इतक्या जोरात मान हलवत होती की चष्मा नाकावरून घसरला.

"क्लॉडेट, पुढचा शनिवार!" ती ओरडली.

"हो! पुढच्या शनिवारीसुद्धा!" क्लॉडेट गरजली.

टाळ्या आणखी वाढल्या. त्या थांबल्यावर, खुर्चीवरून उतरताना, एक पाय हवेत असताना क्लॉडेटच्या लक्षात आलं, की पुढच्या शनिवारी लग्न आहे.

घरी डेल्फीन स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आईच्या आधी पोहोचली होती. डेपोपासून घर गाडीने दहा मिनिटांवर. पण बातमीला गाडी लागत नाही.

"ममा, तू माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी कचराडेपोवर उभी राहणार आहेस?"

"फक्त सकाळी. दुपारच्या आत येते."

"आणि लग्न कुठे लावायचं? वाळूला पाय लागणार नाही म्हणालीस ना?"

"मागच्या अंगणात..."

दोघींनी खिडकीतून मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे भलामोठा खड्डा होता आणि खड्ड्यात क्लॉडेटचा नवरा आर्मां. सांडपाण्याची टाकी नवी बसवायची म्हणून त्याने जूनमध्येच अंगण खणलं होतं. सरकारी तपासनीस येऊन बघून गेल्याशिवाय खड्डा बुजवता येत नव्हता, आणि तपासनीस घरी बसला होता. आर्मां रोज उतरून टाकी जागेवर आहे ना ते बघून यायचा. त्याने खालून हात हलवला.

"चर्चचा हॉल?" क्लॉडेट म्हणाली.

"जुन्या कपड्यांची विक्री आहे. शेतकरी मंडळाचा हॉल दुसऱ्या एका संमेलनाला दिलाय."

तेवढ्यात थॅड आला. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि छताकडे बघत म्हणाला, "मॅम, मी काय म्हणतो, एखाद्या माणसाकडून कुलूप नीट लागलंच नसेल तर?"

"थॅड, ती किल्ली आत ठेव. मला दिसायला नको ती."

"मी नुसतं म्हणतोय."

"नुसतंसुद्धा म्हणायचं नाही!"

डेल्फीनने कप खाली ठेवला. ती रडणाऱ्यांतली नव्हती. "ममा, मला झुंबरं नकोत. फुलंसुद्धा नसली तरी चालतील. मला ते पाणी हवंय, आणि तू हवीस. म्हणजे सगळी तू. एका हातात फोन आणि दुसरा हात दाराच्या मुठीवर अशी नको. माझ्या पदवीच्या समारंभात तू कुणाच्या तरी पुलाबद्दल बोलत होतीस. फोटोत तुझा कानच आलाय."

क्लॉडेटने उठून लेकीच्या कपातली कॉफी गरम करून आणली, जी अजून गरमच होती.

त्या आठवड्यात ती तीनदा राजधानीला जाऊन आली. प्रत्येक वेळी तिला आशा वाटायची आणि प्रत्येक वेळी आत जाऊन बघावं तर दोन्ही बाजूंचे पुढारी बंद दाराआड सँडविच मागवताहेत. ती गॅलरीत बसून लोकांना फोन करायची, अजून नाही, अजून नाही. एका सहकाऱ्याने तिला सुचवलं, "तुमच्या लग्नापुरती परवानगी काढता येईल, मी बोलतो कुणाशी तरी." क्लॉडेट त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्याने स्वतःच विषय बदलून तिला केस कधी कापून द्याल असं विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं उत्तर आलं: सोमवारपर्यंत काही नाही.

"पार्लरमध्ये लावू," ती आर्मांला म्हणाली. "खुर्ची बाहेर काढली तर पंधरा माणसं उभी राहतील."

"आणि बाकीची?"

"बाकीची खिडकीतून बघतील."

आर्मां विचार करून म्हणाला, "खड्ड्यात तीसएक मावतील."

शनिवारी सकाळी क्लॉडेट डेपोवर उभी होती. अंगात लग्नासाठी शिवून घेतलेला जांभळट रंगाचा झगा, पायात गमबूट, डोक्याला रोलर्स आणि रोलर्सवर जाळीचा रुमाल. नेहमीपेक्षा दुप्पट माणसं आली होती. काहींनी तर कचरा आणलाच नव्हता, नुसतेच आले होते.

"तर," ती म्हणाली, "काल संध्याकाळपर्यंत काही झालेलं नाही. सोमवारी पुन्हा बसणार आहेत. गाडीच्या लायसन्सची मुदत संपली असेल त्यांना पोलीस सध्या दंड करणार नाहीत, हे मी वरून लेखी घेतलंय. तपासनिसांचं विचारलं, माझ्याच घरी खड्डा आहे. विचारा, काय विचारायचं ते."

बाटल्यांच्या पिंपापासून एका म्हातारीने विचारलं, "लग्न कुठे लावणार गं?"

"पार्लरमध्ये," असं क्लॉडेट म्हणाली खरी, पण तो शब्द निम्म्यात फुटला. ती घाईघाईने वूपी पायवरची जाळी सारखी करायला लागली. जाळी सारखीच होती.

"पार्लरमध्ये?" डर्वर्ड हॅचने टोपी काढली. या वेळी अगदी खरोखर काढली. "केस वाळवायच्या यंत्राखाली? अहो, लिबींच्याकडचीच साठ माणसं आलीत. माझ्या शेजारच्या मोटेलात उतरलीत, काल रात्रभर गाणी म्हणत होती."

"मग मी काय करू, डर्वर्ड? तूच विचारलंस ना, लेकीला उघडं का म्हणून? नाही उघडं! मी शब्द दिलाय!"

"शब्द दिला तो फाटकाचा." डर्वर्ड दोन पावलं पुढे आला. "वाळूचा. तळ्याबद्दल कुठे काय बोललात?"

क्लॉडेटने डोळे पुसले. "म्हणजे?"

"म्हणजे फाटक सरकारचं. तळं सगळ्यांचं. शाळेत शिकलो की नाही आपण? एवढं मोठं तळं कुणाच्या बापाचं नसतं आणि कुणाला बंद करता येत नाही. पलीकडच्या धक्क्यावरून पाण्यात उतरायचं, गावाचा धक्का आहे, सरकारचा नाही. आणि बोटीतून जायचं वाळूसमोर. माझ्या बोटीत बारा माणसं बसतात. नवरा, नवरी, यूनिस, आणि तुम्ही दोघं. बाकीचे..." तो गर्दीकडे वळला. "कुणाकुणाची बोट आहे?"

हात वर झाले. पिशव्यांसकट वर झाले.

मासेमारीचा वॉर्डन स्प्रेग स्वतःचा कचरा टाकायला आला होता. उंच, सुकलेला, हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. क्लॉडेट गमबुटांतून धप्धप् करत त्याच्यापाशी गेली. "स्प्रेग, खरं सांग. हे चालेल? मला पळवाट नकोय. चालत नसेल तर मी खिडकीतूनच लग्न लावते."

स्प्रेगने हातातली पिशवी पिंपात टाकली, झाकण लावलं आणि म्हणाला, "तळं बंद नाही. मीही बंद नाही. माणशी एक लाइफ जॅकेट. एक कमी दिसलं तर बोट परत पाठवीन. लग्न असलं तरी."

मग जे झालं त्याला आमच्या गावात तोड नाही. डेपो अर्ध्या तासात रिकामा झाला. लोकांनी छपरीतली जुनी लाइफ जॅकेटं उचलली, कुबट वासाची, एक बदकांच्या चित्रांचं. कुणी आईला फोन केला, कुणी सासूला. "बोटीवरचं झाकण काढ! नाही, आग नाही लागली! लग्न आहे!" क्लॉडेटने डेल्फीनला फोन लावला, आणि तिने नुसतं "ममा?" म्हटलं तसं इकडून डर्वर्डने फोन ओढून घेतला. "डेल्फीन, पोरी, चपला सपाट तळाच्या घाल!"

दुपारी सगळं तळं गजबजलं. मैलभर लांब पाणी, आम्ही त्याला तळंच म्हणतो. त्यावर डर्वर्डची भली मोठी सपाट बोट, चार कोपऱ्यांना खांब आणि वर पट्ट्यापट्ट्यांचं छत, आणि तिच्याभोवती वल्ह्यांच्या होड्या, मासे पकडायच्या बोटी, लिबींच्या आत्यांनी भरलेला एक तराफा. सगळ्यांनी चांगले कपडे घातलेले आणि कपड्यांवर नारिंगी जॅकेटं. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, एखादं मोठं जहाज बुडालंय आणि त्यातली माणसं फार खुशीत आहेत.

डेल्फीनच्या पांढऱ्या झग्यावरही जॅकेट होतं. आर्मांच्या वाट्याला बदकांचं आलं. ते त्याला पोटापाशी बंद होईना. क्लॉडेट एका बोटीवरून दुसऱ्या बोटीकडे ओरडत होती, "पट्टे आवळा! आत्याबाई, तो पट्टा आवळा! त्या टोपलीवर ऊन येतंय, त्यात अंडी आहेत का?"

स्प्रेग आपल्या बोटीतून आला आणि प्रत्येक बोटीपाशी थांबून माणसं आणि जॅकेटं मोजू लागला. डर्वर्डच्या बोटीत एक कमी भरलं.

"ही माझी पाहुणी," डर्वर्ड डेल्फीनच्या कुत्रीकडे बोट दाखवून म्हणाला.

"कुत्रीला नाही लागत. तुला लागतं," स्प्रेग म्हणाला. डर्वर्ड सगळ्यांना वाटण्याच्या नादात स्वतःचं देऊन बसला होता. स्प्रेगने आपल्या बोटीतलं एक काढून त्याच्याकडे फेकलं आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते, असं लिबींच्या आत्या अजून सांगतात.

डर्वर्डने नांगर टाकला. नांगर म्हणजे कॉफीच्या डब्यात सिमेंट भरून त्यात लोखंडी कडी बसवलेली. असा घरगुती नांगर आमच्याकडे प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो आणि प्रत्येकाला वाटतं आपला पक्का झालाय. यूनिस क्रॉकेट दोन हातांनी छताचा खांब धरून उभी राहिली आणि तिने सुरुवात केली.

"थॅड लिबी, तू हिला..."

तेवढ्यात तळ्याच्या मधून एका पाणपक्ष्याने लांबलचक हेल काढला. "त्याचं नको, थॅडचं ऐकू दे!" एक आत्या ओरडली आणि सगळं तळं हसलं. थॅड बोलला. त्याचा आवाज पहिल्यांदा चिरकला, म्हणून तो पुन्हा बोलला.

नेमकी तेव्हाच क्लॉडेटची नजर बोटीच्या कडेकडे गेली. किनारा जवळ आला होता. मघाशी लांब दिसणारी वाळू आता इतकी जवळ होती की तिच्यावरचे पक्ष्यांच्या पायांचे ठसे दिसत होते.

"डर्वर्ड, नांगर?"

डर्वर्डने दोरी ओढली. दोरी अगदी हलकी वर आली. टोकाला नुसती कडी होती. सिमेंट डब्यासकट खाली तळाशी राहिलं होतं.

"थांबवा! वाळूला लागेल!" क्लॉडेट ओरडली. "मी शब्द दिलाय! इंजिन चालू कर!"

"इंजिन चालू केलं तर मागच्या आत्या कापल्या जातील!"

"डेल्फीन, तू थांबू नकोस," क्लॉडेट म्हणाली. "यूनिस, चालू ठेव!"

आणि तिने झगा गोळा केला, कठडा ओलांडला आणि पाण्यात उडी मारली.

पाणी कमरेच्या वर होतं आणि जुलै असला तरी गारठून टाकणारं. जॅकेट तिच्या हनुवटीपर्यंत वर सरकलं, मग तिचे पाय तळाला टेकले. तिने दोन्ही हात बोटीच्या पुढच्या भागाला लावले, खांदा टेकवला आणि डर्वर्ड हॅचची सबंध बोट, नवरा, नवरी, यूनिस, नवऱ्याचे आईवडील, आर्मां आणि कुत्रीसकट, हातभर मागे ढकलली. वारा पुन्हा पुढे आणत होता. ती पुन्हा ढकलत होती.

"क्लॉडेट टेरिओ," वॉर्डन स्प्रेग गंभीरपणे म्हणाला, "तुझे पाय कशावर आहेत?"

"तळ्याच्या तळावर!"

"वाळू?"

"वाळू माझ्या मागे चार हातांवर आहे!"

"मग चालू द्या," स्प्रेग म्हणाला.

यूनिसने चष्मा सावरला. "डेल्फीन टेरिओ, तू याला..."

डेल्फीन उत्तर देईना. ती कठड्याला टेकून खाली वाकली होती आणि हसत होती. इतकी हसत होती की तिला उभं राहता येईना. थॅडने तिला कमरेला धरलं. खाली तिची आई, काढायचे राहून गेलेले रोलर्स सुटून केस कपाळावर आलेले, नारिंगी जॅकेटात गाल रुतलेले, दोन्ही हात बोटीला लावलेले, तिच्याकडे वर बघत होती. फोन कुठे होता कुणास ठाऊक, बहुधा झग्याच्या खिशात, म्हणजे पाण्यात.

"ममा, तुला दिसतंय ना?"

"सगळं दिसतंय! लवकर हो म्हण गं, माझे पाय बधिर होताहेत!"

"हो!" डेल्फीन ओरडली. "हो, हो!"

भोंगे वाजले. सगळ्या बोटींचे एकदम, वाटेल तितका वेळ. कुणी वल्ही पाण्यावर आपटली, आत्यांचा तराफा आत्यांनी उड्या मारल्यामुळे कलला आणि स्प्रेगने शिट्टी फुंकली. आर्मां कठड्यावरून खाली वाकून बायकोला हात देत होता, पण ती हात घेईना, कारण हात घेतला असता तर बोट सोडावी लागली असती. शेवटी लिबींचे दोन दांडगे चुलते पाण्यात उतरले आणि तिच्या शेजारी उभे राहून त्यांनी बोटीला खांदा दिला. तरी तिने हात काढले नाहीत. तिला बरं वाटत होतं तसंच.

भोंगे थांबले तशी मागच्या एका होडीतून, लांबून, एक खणखणीत आवाज आला.

"क्लॉडेट, लग्न झालंच आहे तर विचारतो! खेकड्यांच्या सापळ्यांचा परवाना सोमवारी मिळेल का?"

डेल्फीनने डर्वर्डच्या हातातला, दुसऱ्या बोटींना हाका मारायचा कर्णा हिसकावून घेतला. "आमदारबाई केक कापेपर्यंत बंद आहेत!" तिचा आवाज तळ्याच्या त्या टोकाला जाऊन परत आला. "फक्त माझ्यासाठी चालू आहेत! केकनंतर विचारा!"

"बरं बरं!" होडीतून उत्तर आलं.

क्लॉडेटने तोंड उघडलं होतं. परवान्याचं तिला पाठ होतं, कुठल्या कचेरीत कोण बसतं, कुणाला फोन करायचा, सगळं. तिने वर लेकीकडे पाहिलं. डेल्फीन कर्णा तोंडापाशी तसाच धरून, एक भुवई उचलून तिच्याकडे बघत होती.

क्लॉडेटने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"ऐकलंत ना?" ती कमरेच्या वर पाण्यात उभी राहून ओरडली. "केकनंतर!"